सात किल्ल्या आणि एक वही

आमच्या चर्चच्या मंडळीतील एक वृद्ध विधवा भगिनी गेल्या वर्षीच्या जानेवारीत ओसरीवर पाय घसरून पडल्या आणि खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्णालयात न्यावे लागले. रविवारच्या भक्तीत ही बातमी जाहीर झाली. त्याच दुपारी महिला संघाच्या पाच भगिनी त्यांना भेटून आल्या. त्यांच्या मागोमाग प्रार्थना मंडळाचे लोक पोचले, संध्याकाळी तरुण संघाची मुले मोटारसायकलींवरून गेली आणि ती जिना उतरत असताना मदत समितीचे दोघे जिना चढत होते. चार प्रार्थना झाल्या, चार वेळा बायबलमधले १२१ वे स्तोत्र वाचले गेले आणि उशाजवळच्या कपाटावर चार डझन केळी जमली. त्यानंतर रुग्णालयातले आठ दिवस आणि घरी आल्यानंतरचे अकरा दिवस मंडळीतून कोणीही तिकडे फिरकले नाही, कारण दुसरा गट जातच असणार अशी प्रत्येक गटाची प्रामाणिक समजूत होती. विसाव्या दिवशी मी काही कामाने त्यांच्या गल्लीत गेलो म्हणून डोकावलो. आजींनी तक्रार केली नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊ, केळी सगळी एकाच दिवशी आणली तुम्ही. थोडी मागं ठेवायची होती."

हे वाक्य मी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट समितीच्या बैठकीत सांगितले आणि तिथेच फसलो. आमच्याकडे ज्याने उणीव दाखवली त्याच्याच गळ्यात ते घोंगडे पडते. मी एस. टी. महामंडळात वाहतूक नियंत्रक म्हणून एकतीस वर्षे काढली असून आता निवृत्त आहे. पाळकसाहेब हसून म्हणाले, "इतकी वर्षे तुम्ही एका फलाटावर दोन गाड्या येऊ दिल्या नाहीत, आता आमचे कार्यक्रम तेवढे फलाटावर लावून द्या." सचिवांनी ठरावात 'मंडळीतील सर्व सेवाशाखांमध्ये ऐक्य व सहकार्य घडवून आणण्यासाठी' असे शब्द घातले, आणि मीही फारसा विचार न करता ते काम स्वीकारले. आगारात बसून गाड्या सोडणाऱ्याला हे काम फार तर महिन्याभराचे वाटले होते. प्रत्यक्षात त्यात जवळपास वर्ष गेले.

आमची मंडळी अहिल्यानगर जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी आहे. जुनी माणसे अजून नगर जिल्हाच म्हणतात. १८१३ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे केले आणि पुढे जिल्ह्यात ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्यांपैकी आमची एक. दगडी इमारत, चिंचेची दोन झाडे, मागे सभागृह आणि त्याला लागून एक भांडारखोली. सुमारे एकशे चाळीस कुटुंबे आहेत. त्यांत शब्बाथ शाळा म्हणजे मुलांची रविवारची शाळा, महिला संघ, तरुण संघ, गायकवृंद, भजनी मंडळ, प्रार्थना मंडळ आणि मदत समिती अशा सात शाखा काम करतात. मी लहानपणापासून या सगळ्यांना पाहत आलो होतो, आणि त्यामुळेच त्यांच्याकडे नीट कधी पाहिले नव्हते.

सुरुवात मी भांडारखोलीपासून केली, कारण कोणत्याही आगाराची खरी अवस्था कार्यालयात नव्हे तर भांडारात कळते. तिथे सात लोखंडी कपाटे होती आणि सातांना सात कुलुपे होती. किल्ल्या सात घरांत होत्या. एकेक कपाट उघडून घेण्यात मला दोन आठवडे लागले, कारण किल्ली असलेली व्यक्ती कधी लग्नाला गेलेली असे, तर कधी किल्ली नेमकी कोणाकडे आहे यावरच घरात मतभेद असत. कपाटांतून टाळांचे चार संच, तीन ध्वनिक्षेपक, चालू अवस्थेतील एक आणि बंद अवस्थेतील दोन साउंड सिस्टिम, शब्बाथ शाळेचा फ्लॅनेलचा फळा आणि पाहुण्यांसाठी घेतलेले दोनशे स्टीलचे पेले निघाले. मोठी पातेली आणि पराती महिला संघाच्या होत्या. त्यांच्यावर लाल तैलरंगात 'म. सं.' अशी अक्षरे एवढ्या ठळकपणे काढली होती की भात उकळत असतानाही ती वाचता येत. गंमत म्हणजे तरुण संघाने मागच्या नाताळात याच आकाराची पातेली बाजारातून भाड्याने आणली होती. भाड्याची पावती मला त्यांच्याच कपाटात सापडली; मधली भिंत म्हणजे कपाटाचा एक पत्रा होता.

मग मी सातही शाखांच्या हजेरीवह्या मागून घेतल्या. सगळ्या वह्यांत मिळून एकशे बारा नावे भरली, पण माणसे मोजली तेव्हा ती एकोणसाठच निघाली. एक शिक्षिका शब्बाथ शाळा, महिला संघ, गायकवृंद आणि प्रार्थना मंडळ या चारही वह्यांत होत्या आणि चारही ठिकाणी त्यांच्या नावापुढे अधूनमधून 'गैरहजर' असा शेरा होता. मी त्यांना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता त्यांना तीन ठिकाणी हजर राहायचे होते, म्हणून त्या डोके दुखत असल्याचे सांगून घरीच झोपल्या. आगारातही हेच होत असे. एकाच चालकाच्या नावावर तीन कामगिऱ्या लावल्या की तो आजारपणाची रजा टाकतो आणि तिन्ही फेऱ्या रद्द होतात.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी मी सर्व शाखाप्रमुखांची पहिली एकत्र बैठक बोलावली. त्या बैठकीची आठवण काढताना मला आजही अवघडल्यासारखे होते. मी मोठ्या कागदावर संपूर्ण वर्षाचे वेळापत्रक रंगीत पेन्सिलींनी आखून नेले होते. त्यावर प्रत्येक शाखेला एक रंग दिलेला होता, सर्व साहित्य एका कपाटात, सर्व निधी एका खात्यात आणि सर्व निर्णय एका 'संयुक्त नियोजन समिती'कडे, अशी त्याची रचना होती. कागद भिंतीवर लावला तेव्हा कोणी काही बोलले नाही. मग भजनी मंडळाचे म्होरके म्हणाले की त्यांचे कपाट जिथे आहे तिथेच राहू द्यावे. तरुण संघाच्या सचिवाने विचारले की ही समिती म्हणजे पास्टोरेट समितीच दुसऱ्या नावाने येते आहे का. महिला संघाच्या अध्यक्षा वयाने माझ्याहून मोठ्या आहेत, त्यांनी चष्मा काढून पुसला आणि शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, वेळापत्रक देखणं झालंय. पण एस. टी.चं वेळापत्रक कधी गाडीत बसणाऱ्याला विचारून करतात का? तसंच झालंय हे." आम्ही सर्वांनी 'आम्हांस एक कर' अशी प्रार्थना केली आणि सभागृहाच्या दोन दारांनी दोन गटांत बाहेर पडलो.

त्या रात्री मी पाळकसाहेबांना सांगितले की हे काम दुसऱ्या कोणाला तरी द्यावे. त्यांनी मला चहा दिला आणि या शाखा वेगळ्या का आहेत हे मला माहीत आहे का, असे विचारले. मला वाटत होते की मंडळीने सोयीसाठी कामाची वाटणी केली असेल. त्यांनी जे सांगितले ते उलट होते. रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे रविवारच्या शाळेची जी चळवळ सुरू केली ती गिरणी-कारखान्यांत राबणाऱ्या मुलांना वाचायला शिकवण्यासाठी होती, आणि ती मंडळीच्या अधिकृत कारभाराच्या बाहेर जन्मली. तरुणांच्या वाय. एम. सी. ए. या संघटनेची स्थापना १८४४ मध्ये लंडनमध्ये एका कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या तरुणांनी केली. अमेरिकेतील काँग्रिगेशनल मंडळ्यांच्या स्त्रियांनी १८६८ मध्ये बॉस्टनमध्ये स्वतःचे मिशन मंडळ काढले, स्वतः पैसा उभा केला आणि हिंदुस्थानासारख्या देशांत स्त्रीशिक्षिका पाठवल्या. पुरुषांच्या मंडळाच्या कारभारात स्त्रियांना शब्द नव्हता, म्हणून त्यांनी आपली थैली वेगळी ठेवली. "तेव्हा महिला संघाचा पैसा वेगळा आहे हा हट्ट नाही," पाळकसाहेब म्हणाले. "तुम्ही एका कागदावर शंभर-सव्वाशे वर्षांची सवय पुसायला निघालात."

या बोलण्याने माझा ताठा बराच उतरला. प्रत्येक शाखा हे एखाद्या वेळी मंडळीने न ऐकलेल्या माणसांचे घर होते, आणि आता मी त्यांना त्या घराची किल्ली मागत होतो.

पाळकसाहेबांनी दुसरी गोष्ट सांगितली ती नागपूरची. आमच्या मंडळीचे नाव ज्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहे ते २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा वेगवेगळ्या मंडळ्यांच्या एकीकरणातून अस्तित्वात आले. त्यासाठीची बोलणी १९२९ पासून चालली होती, म्हणजे एकेचाळीस वर्षे. त्यांत लहान बालकांचा बाप्तिस्मा करणारे होते आणि केवळ जाणत्या वयात विश्वास कबूल करणाऱ्यांचाच बाप्तिस्मा मानणारेही होते. त्यांनी एका पद्धतीने दुसरीला गिळू दिले नाही. दोन्ही पद्धती एकाच मंडळीत मान्य केल्या. हे मला पूर्वी ठाऊक नव्हते असे नाही, दर वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस त्याचा उल्लेख होतोच. परंतु सहा मंडळ्या एक झालेल्या चर्चमधल्या सात शाखा एका भांडारखोलीवरून एक होईनात, ही विसंगती त्या रात्री पहिल्यांदाच माझ्या ध्यानात आली. विसंगती कळल्यावर थोडा धीरही आला. एकेचाळीस वर्षांच्या मानाने माझे तीन आठवडे काहीच नव्हते.

ईस्टरआधीचा उपासकाळ जवळ आला होता. दर बुधवारी संध्याकाळी होणाऱ्या बायबल अभ्यासासाठी पाळकसाहेबांनी त्या वर्षी प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय निवडला. यरुशलेमेतील पहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांनी कुरकुर केली की रोजच्या वाटणीत त्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. तेव्हा प्रेषितांनी सात जण निवडायला सांगितले, हा तो प्रसंग. आजींच्या केळ्यांची गोष्ट सर्वांना माहीत झाली होती, त्यामुळे 'विधवा' हा शब्द वाचला तेव्हा दोनतीन माना खाली गेल्या. पण मला चटका लावून गेला तो वेगळाच तपशील. स्तेफन, फिलिप्प, निकानोर, तीमोन असे करत पाळकसाहेबांनी सातही नावे वाचली आणि विचारले की या नावांत काय दिसते. शब्बाथ शाळेच्या एका तरुण शिक्षिकेने उत्तर दिले की ती सगळी ग्रीक वाटतात. खरोखरच ती सातही नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्या गटाची तक्रार होती त्याच बाजूच्या माणसांच्या हाती अन्नाची सगळी वाटणी सोपवण्यात आली असावी. त्यात तक्रार न केलेल्यांच्या विधवांचीही वाटणी आली.

मी घरी येऊन माझा रंगीत कागद गुंडाळून ठेवला आणि एका साध्या पानावर कोणत्या शाखेची काय तक्रार आहे ते लिहिले. शब्बाथ शाळेची तक्रार अशी की सभागृह त्यांना ऐन वेळी मिळत नाही. कार्यक्रम मोठ्यांचा निघाला की मुलांना चिंचेखाली बसवतात. भजनी मंडळाची तक्रार अशी की ध्वनिक्षेपक गायकवृंदाच्या कपाटात असतो आणि त्यांच्या भजनाच्या वेळी किल्ली सापडत नाही. तरुण संघ म्हणे की त्यांना खुर्च्या उचलण्यापुरते बोलावतात. मदत समितीला वाटे की प्रार्थना मंडळ प्रार्थना करून येते आणि औषधाचा खर्च मात्र त्यांच्यावर सोडते. मार्चच्या बैठकीत मी कोणतीही समिती मांडली नाही. मी एवढेच सुचवले की ज्याची जी तक्रार आहे ते काम एक वर्षासाठी त्याच्याकडे द्यावे. सभागृहाची नोंदवही शब्बाथ शाळेकडे, साउंड सिस्टिम आणि ध्वनिक्षेपकांची किल्ली भजनी मंडळाकडे, नाताळ व पुनरुत्थानाच्या सणाच्या, म्हणजे ईस्टरच्या, नियोजनाचे अध्यक्षपद तरुण संघाकडे. सगळे थोडे गोंधळले. गायकवृंदाच्या प्रमुखांचा चेहरा पडला, आणि ते साहजिक होते. पण त्यांनी विरोध केला नाही. खिशातून किल्ली काढून ती म्होरक्यांच्या हातावर ठेवताना ते म्हणाले, "बॅटरी काढून ठेवा वापर झाल्यावर, नाहीतर गळते." माझ्या मते संपूर्ण वर्षातील सर्वांत मोठे त्यागाचे वाक्य हेच होते.

किल्लीच्या देवाणघेवाणीचे परिणाम मला अपेक्षित नव्हते त्या ठिकाणी दिसू लागले. भजनी मंडळाच्या म्होरक्यांना ध्वनिक्षेपकासाठी आता दर रविवारी भक्तीच्या आधी अर्धा तास यावे लागे, आणि त्या वेळी गायकवृंदाचा सराव चालू असे. आजवर ते त्या सरावाला 'साहेबी गाणं' म्हणत. गायकवृंदातील मुले त्यांच्या भजनाला 'आजोबांचा कार्यक्रम' म्हणत. हा वाद आमच्याकडे जुना आहे. मराठी ख्रिस्ती उपासनेत इंग्रजी चालींवरची भाषांतरित गीते आणि अभंग-भजने या दोन्ही धारा दीर्घकाळ शेजारी वाहत आल्या आहेत. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तनाला मंडळीत मानाचे स्थान मिळवून दिले, आणि 'उपासना संगीत' या आमच्या गीतसंग्रहात त्यांची गीते इंग्रजी चालींच्या गीतांबरोबर एकाच बांधणीत आहेत. याच टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्याला 'देवाचा दरबार' स्थापन केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त एकत्र बसावेत अशी त्यांची इच्छा होती. पुस्तकात जे एकत्र बसले होते ते आमच्या बाकांवर मात्र उजवीकडे आणि डावीकडे बसत.

तरुण संघाने, आता नियोजनाची जबाबदारी त्यांची होती म्हणून, पुनरुत्थानाच्या पहाटेच्या भक्तीत टिळकांचे एक भजन दोन्ही गटांनी मिळून म्हणावे असे ठरवले. पहिल्या सरावाला मी उपस्थित होतो आणि तो सराव भयंकर झाला. भजनी मंडळाची पेटी जुनी असून तिचे सूर कीबोर्डच्या सुरांपेक्षा किंचित चढे होते. दोन्ही एकदम वाजली की कानात सुई गेल्यासारखे वाटे. शिवाय भजनाची पट्टी पुरुषांच्या चढ्या आवाजाला सोयीची, त्यामुळे गायकवृंदातील खालच्या सुरात गाणाऱ्या भगिनींना ती पेलेना. भजनाची लय शेवटाकडे चढत जाते आणि गायकवृंदाला तर ठरलेल्या लयीतून अर्धी मात्राही सरकू नये अशी शिकवण. पहिला तासभर प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहून मान हलवत होता. शेवटी कीबोर्ड वाजवणाऱ्या मुलाने यंत्राच्या कुठल्याशा आतल्या मेनूत जाऊन त्याचा मूळ सूर बारीकबारीक वर चढवत पेटीशी जुळवला. पेटी बदलता येत नव्हती, म्हणून कीबोर्ड बदलला. दोन वाद्यांचा सूर एक झाल्याचा तो क्षण म्होरक्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिला. त्यांनी त्या मुलाला 'बाळा' म्हणून हाक मारली आणि पट्टी एका सुराने खाली घ्यायला स्वतःहून मान्यता दिली. लयीवर तोडगा असा निघाला की धृपद गायकवृंदाने चार आवाजांत म्हणावे, अंतरे भजनी मंडळाने, आणि शेवटची चढती लय सर्वांनी टाळ्यांसह. पहाटे साडेपाच वाजता कब्रस्तानात झालेल्या त्या भक्तीत ते गीत फार सुंदर झाले असे मी म्हणणार नाही, दुसऱ्या अंतऱ्यात मृदंग आणि कीबोर्ड थोडे भांडले. पण अजूनही महिन्याच्या पहिल्या रविवारी ते एकत्र गातात आणि उरलेल्या रविवारी आपापल्या पद्धतीने गातात. आम्ही दोन्ही राखले.

पैशाचा प्रश्न मी मुद्दामच सर्वांत शेवटी घेतला. जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत त्यावर पाच बैठका झाल्या आणि त्यांपैकी दोन अर्ध्यावर संपल्या. सर्व निधी एका खात्यात आणण्याची कल्पना मी पाळकसाहेबांशी बोलल्यानंतरच सोडून दिली होती. तरी खजिनदारांना ती हवी होती, आणि त्यांचीही बाजू खरी होती, कारण हिशेबतपासनीसांपुढे सात ठिकाणचे कागद गोळा करून उभे राहावे लागते ते त्यांनाच. महिला संघाचा पैसा पतसंस्थेत होता. त्याची सुरुवात अध्यक्षांच्या सासूबाईंच्या पिढीने रोजच्या स्वयंपाकातून मूठभर धान्य बाजूला काढून, महिन्याअखेर विकून केलेली होती. त्या म्हणाल्या, "त्या मुठी मोजलेल्या आहेत. कोणाची किती हे आम्हाला माहीत आहे." तरुण संघाचा पैसा एका मुलाच्या मोबाइलवरील खात्यात होता आणि त्यात गैर काही नव्हते, मात्र तो मुलगा पुण्याला नोकरीला गेला तेव्हा निधीही त्याच्याबरोबर पुण्याला गेला. तो सात दिवसांत परत आला, पण त्या सात दिवसांनी तरुण संघाला एकाएकी हिशेबाबद्दल मोठी आस्था उत्पन्न झाली.

अखेर असे ठरले की निधी ज्याचे त्याच्याकडे राहतील, सर्वांची खाती दोन सह्यांची असतील आणि दर तिमाहीला रविवारच्या भक्तीनंतर प्रत्येक शाखेच्या खजिनदाराने स्वतः उभे राहून आपला जमाखर्च मंडळीसमोर वाचावा. पाच हजार रुपयांवरील खरेदीआधी इतर शाखांकडे ती वस्तू आहे का हे विचारावे. परवानगी घ्यायची नाही, फक्त विचारायचे, यावर महिला संघ ठाम राहिला आणि मला वाटते तो बरोबर होता. पहिल्या वाचनात मदत समितीच्या शिलकीचा आकडा ऐकून लोक गप्प झाले, कारण तीन आजारी कुटुंबांना मदत केल्यावर त्यांच्याकडे चारशे साठ रुपये उरले होते, आणि त्याच दिवशी गायकवृंदाने नव्या गणवेशासाठी जमवलेले सत्तावीस हजार वाचून दाखवले होते. कोणी काहीही म्हटले नाही. दुसऱ्या रविवारी गायकवृंदाच्या प्रमुखांनी नऊ हजारांचा धनादेश मदत समितीकडे दिला आणि गणवेशाच्या साड्या रेशमी ऐवजी सुती ठरल्या. हंगामाच्या सणात लोक जे पीक अर्पण करतात त्याच्या लिलावाची रक्कमही या वर्षी प्रथमच विभागून न घेता मदत समितीकडे गेली. त्या लिलावात एका दुधीभोपळ्यासाठी महिला संघ आणि तरुण संघ यांच्यात आठशे चाळीस रुपयांपर्यंत चढाओढ झाली. असली चढाओढ मला आवडते.

भेटींची व्यवस्था मात्र सर्वांत सोपी निघाली आणि तीच माझ्या नेमणुकीचे मूळ कारण होती. चर्चच्या मुख्य दाराजवळ, प्रभुभोजनाच्या यादीखाली, शंभर पानी वही दोरीने बांधून ठेवली आहे आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला पेन आहे. आजारी, अंथरुणाला खिळलेल्या किंवा एकट्या राहणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचे एक पान. कोण भेटायला जाणार, कोणत्या दिवशी जाणार, गेले की नाही, आणि काय लागते आहे, एवढ्या चारच रकान्यांत लिहायचे. 'काय लागते' या रकान्याने आम्हाला पुष्कळ शिकवले. आम्ही प्रार्थना आणि फळे नेत होतो. त्या रकान्यात पहिल्याच महिन्यात 'वीजबिल भरून देणे', 'नखे कापणे', 'पेन्शनचा हयातीचा दाखला', 'कोणीतरी पत्ते खेळायला' असे लिहिलेले होते. शेवटच्या नोंदीवर प्रार्थना मंडळातील एका ज्येष्ठ बंधूंनी आक्षेप घेतला, तेव्हा तरुण संघाची दोन मुले मुकाट्याने जाऊन त्या आजोबांबरोबर पाच-तीन-दोन खेळून आली आणि निघताना प्रार्थनाही करून आली. पडलेल्या आजी आता काठीने चालतात. त्यांच्या पानावर एका महिन्यात नऊ भेटींची नोंद झाली तेव्हा त्यांनी निरोप पाठवला की त्यांना दुपारी झोपूही द्यावे.

सगळेच जुळून आले असे नाही. प्रार्थना मंडळ आजही एकत्र बैठकीला येत नाही. शुक्रवार त्यांचा उपवासाचा दिवस आणि इतर कोणत्याही वाराला त्यांना जमत नाही. वहीत नोंदी मात्र ते सर्वांपेक्षा नियमित करतात, तेव्हा मी तो विषय ताणणे सोडून दिले. मदत समितीतील एका अनुभवी सदस्याला जाहीर हिशेबवाचन म्हणजे अविश्वास वाटला आणि त्यांनी राजीनामा दिला. मी दोनदा त्यांच्या घरी गेलो. चहा मिळाला, उत्तर मिळाले नाही. त्यांना आधी एकट्याने भेटून समजावले असते तर कदाचित ते राहिले असते, आणि ती चूक माझी आहे. चार वह्यांत नाव असलेल्या शिक्षिकेने आता फक्त शब्बाथ शाळा ठेवली असून बाकीच्या तीन वह्यांतून आपले नाव स्वतःच्या हाताने कमी केले. गायकवृंदाला त्यांचा आवाज गेल्याची हळहळ आहे.

डिसेंबरचे वेळापत्रक या खेपेला मी आखले नाही. सभागृहाची नोंदवही ज्यांच्याकडे आहे त्या शब्बाथ शाळेने ते आखले आणि मुलांच्या नाताळ कार्यक्रमाला त्यांनी अर्थातच सर्वांत चांगला रविवार ठेवून घेतला. घरोघरी नाताळगीते गाण्याच्या कॅरल फेऱ्यांसाठी पातेली महिला संघाने दिली, 'म. सं.' अक्षरांच्या पातेल्यांतला चहा तरुण संघाने गावभर पाजला. एक घोटाळा झालाच: २३ तारखेला संध्याकाळी भजनी मंडळ आणि गायकवृंद एकाच घरी एकाच वेळी पोचले, कारण त्या घरातील सासूने एकाला आणि सुनेने दुसऱ्याला बोलावले होते. हे कोणत्याही वेळापत्रकात बसणारे नव्हते. त्यांनी अंगणात उभे राहून ते एकच गीत म्हटले, जे दोघांनाही येत होते.

दाराजवळची वही गेल्या आठवड्यात भरली. शेवटच्या पानाच्या मागच्या पुठ्ठ्यावरही कोणीतरी दोन नोंदी केल्या आहेत. नवी वही आणायची तर ती कोणत्या शाखेच्या निधीतून, यावर भक्तीनंतर दहा मिनिटे चर्चा झाली आणि एकमत झाले नाही. तो विषय पुढील शनिवारच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर तिसऱ्या क्रमांकाला घेतलेला आहे.